साठ्याचा दाब टिकवायचा: पाणी सोडावं की वायू?

तेलाच्या नव्या साठ्याबद्दल पहिला प्रश्न विहिरी किती खोदायच्या हा नसतो. दाब किती आणि तो बबल पॉइंटच्या, म्हणजे तेलातला वायू सुटू लागतो त्या दाबाच्या, किती वर, हे आधी बघायचं. दहा मीटर पाण्यामागे साधारण एक किलो, म्हणजे १,४०० मीटर खोलीवर चौरस सेंटिमीटरला १४० किलोच्या आसपास. तेल उपसलं की दाब उतरतो. बबल पॉइंटच्या खाली गेला की विरघळलेला वायू खडकातच सुटतो, तेल दाट होतं आणि विहिरीकडे आधी वायूच पळतो. मागे राहिलेलं तेल मग हलवणं फार जड जातं. म्हणून दाब टिकवायला खाली पाणी सोडायचं की वायू, हे त्याआधीच ठरलेलं हवं.

पाण्याची बाजू मुंबई हायवर नीट दिसते. १९७४ मध्ये सापडलेलं, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरचं हे चुनखडीतलं क्षेत्र. चहूकडे समुद्र, त्यामुळे पाण्याला तोटा नाही. पण समुद्राचं पाणी उचलून तसंच खाली सोडता येत नाही. त्यातला प्राणवायू पाइप खातो, सल्फेटवर जगणारे जिवाणू साठ्यात हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, बारीक गाळ विहिरीचं तोंड बुजवतो. फिल्टरचा पांढरा कागद पाणी गाळल्यावर तपकिरी झाला, तर त्या दिवशी काय खाली चाललंय ते वेगळं सांगावं लागत नाही. चुनखडीत सच्छिद्र थर असतील तर पाणी तेवढ्याच वाटेनं धावत उत्पादन विहिरीत पोचतं.

नॉर्वेच्या एकोफिस्क तेलक्षेत्रात खडूचा खडक दाब घटल्यानं चेपला आणि समुद्रतळ खचला. १९८७ मध्ये प्लॅटफॉर्म सहा मीटर उचलावे लागले. त्याच सुमारास मोठ्या प्रमाणावर पाणी सोडायला सुरुवात झाली. दाब सावरला, तरी खचणं लगेच थांबलं नाही, कारण पाण्यानं खडूच मऊ पडतो. खडकाची चाचणी न करता पाणी निवडू नका, हे मी ठासून सांगेन.

वायू कधी? विकायची सोय नसेल तेव्हा. अलास्कातल्या प्रुडो बे तेलक्षेत्रात बाजारापर्यंत गॅसची पाइपलाइन नव्हती, म्हणून निघालेला वायू पुन्हा गॅस कॅपमध्ये, म्हणजे तेलाच्या वर साठलेल्या वायूत, दाबला गेला. थर तिरके असले तर वायू वर राहून तेल खाली ढकलतो आणि काम सुरेख होतं. मात्र उच्च दाबाचे कॉम्प्रेसर महाग, आणि आडव्या थरात वायू तेलाला वळसा घालून निघून जातो. जवळ गिऱ्हाईक असेल तर खाली गेलेला प्रत्येक घनमीटर हा अडकून पडलेला पैसा.

समुद्रातला साठा, आडवे थर आणि पाण्यानं न खचणारा खडक असेल तर मी पाण्याकडे झुकेन. त्याआधी विहीर काही दिवस बंद ठेवून तळाशी दाब मोजणारा गेज सोडा. उत्पादन थांबल्याची कुरकुर होईल, होऊ द्या. वर चढत जाणारी दाबाची रेघ सपाट होईपर्यंत गेज काढू नका.