पुणे एफसी : माल एक नंबर, पण दुकान बंद

रिव्ह्यू द्यायला उशीर झालाय हे मान्य, दुकान म्हणजे पुण्याचा हा फुटबॉल क्लब २०१५ ला बंद झाला आणि मी आत्ता लिहितोय. पण परवा ऑफिसमधल्या एका पोरानं विचारलं, दादा पुण्यात चांगली फुटबॉल मॅच स्टेडियममध्ये बसून कुठं बघायला मिळते, आणि मला पटकन काही सांगताच येईना. म्हणलं लिहूनच टाकू एकदा.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडं टीम म्हणजे तालीम नाहीतर तरुण मंडळ, आणि शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आलं की एका घरातले दोन भाऊ दोन दिवस बोलत नाहीत. त्यामुळं नोकरीला पुण्यात आल्यावर कळलं की इथं एका कंपनीनं टीम काढलीय, तेव्हा मी नाकच मुरडलं होतं. अशोक पिरामल ग्रुप, कापड गिरण्या आणि बिल्डिंगांचा धंदा, २००७ ला क्लब काढला. आता त्यांच्यासाठी मी कशाला घसा बसवू?

पण गेलो एकदा बालेवाडीला आणि अडकलो.

आधी जागेबद्दल. स्टेडियम १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं, म्हणजे मैदानाभोवती पळायचा ट्रॅक, त्यामुळं खेळ लांबून बघायचा, पलीकडच्या टोकाला गोल झाला तर तो कुणी मारला हे शेजारच्याला विचारायला लागायचं. शहरापासून लांब, दुपारची मॅच असली की ऊन डोक्यावर. गर्दी कोल्हापूरच्या मानानं काहीच नाही. पण त्याचा एक फायदा होता, तुम्ही ओरडलात की प्लेअरला खरंच ऐकू जायचं आणि रेफ्रीलाही, शाहू स्टेडियमच्या गोंगाटात तुमच्या शिव्या वाया जातात ओ.

आता मालाबद्दल, आणि इथं मी हात जोडतो. सेकंड डिव्हिजनमधून वर चढून आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आले आणि पहिल्याच सीझनला, २००९-१० ला, तिसरे! पुढं डेरिक परेरा कोच म्हणून आले, गोव्याचा माणूस, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला २००५-०६ ची नॅशनल लीग (आय-लीगच्या आधीची) जिंकून दिलेला. मिडफिल्डला अराता इझुमी, तोही आधी महिंद्राकडं खेळलेला. जन्म जपानचा, वडील गुजराती, आणि भारताकडून खेळता यावं म्हणून या गड्यानं जपानचा पासपोर्ट सोडला, कागदावर नीलकंठ खंभोळजा झाला आणि २०१३ ला इंडियाकडून खेळला. आम्ही त्याला अराताच म्हणायचो, नीलकंठ म्हणून हाक मारली असती तर त्यानं मागं वळून बघितलं असतं का देव जाणे. २०१२-१३ ला क्लब दुसरा आला, चर्चिल ब्रदर्सच्या मागं, आणि २०१४ ला आशियातल्या क्लबांचा एएफसी कपसुद्धा खेळला. इंडियाचा स्ट्रायकर जेजे इथं खेळला, डिफेंडर अनस एडाथोडिका इथं खेळला. आणि अकादमी तर खरंच भारी होती, अंडर-नाईन्टीन वयाची पोरं देशात एक नंबर, आशिक कुरुनियन याच अकादमीतून वर आला आणि पुढं स्पेनला जाऊन आला. हे सगळं सात-आठ वर्षांत.

मग बंद का पडलं? खेळ वाईट म्हणून नाही, हेच तर डोक्यात जातं. प्लेअरचे पगार, विमानं, हॉटेलं, सगळं मालकाच्या खिशातून जाणार आणि तिकिटातून येणार चिल्लर, म्हणजे क्लब कंपनीच्या वहीत कायम खर्चाच्या बाजूला. खरं तर २०१० ला महिंद्रानं टीम बंद केली, पुढच्या वर्षी फगवाड्याची जेसीटी गेली, पहिली नॅशनल लीग जिंकलेली जेसीटी, तेव्हाच आम्हाला कळायला पाहिजे होतं. पण आम्ही काय म्हणलो, आपले मालक तसे नाहीत. त्यात २०१४ ला आयएसएल ही नवी लीग आली, त्याच बालेवाडीत एफसी पुणे सिटी नावाचं नवं दुकान, मालकात हृतिक रोशन, मैदानात फ्रान्सचा वर्ल्ड कप जिंकलेला ट्रेझेगे, आणि लोकांना वाटायला लागलं की आय-लीग म्हणजे जुना माल. वर्षभरात पुणे एफसीनं शटर ओढलं.

बरं एकटं पुणे एफसी असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. कल्याणी ग्रुपची भारत एफसी एक सीझन खेळली, तळाला राहिली, गेली. डीएसके शिवाजियन्स आय-लीगचे दोन सीझन, गेली. पुणे सिटीनं पुणे एफसीची अकादमी घेतली, २०१७-१८ ला सेमीफायनलपर्यंत पोचले, जरा जीव लावावा म्हणलं तर २०१९ ला तेही गेलं. त्यांची जागा हैदराबादला मिळाली आणि २०२२ ला हैदराबाद आयएसएल चॅम्पियन. ती फायनल मी टीव्हीवर बघितली आणि टाळी काही वाजवली नाही.

रेटिंग द्यायचंच तर खेळाला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ट्रॅकमुळं कापला. टिकाऊपणाला शून्य. कंपनीनं आठ वर्षं मनापासून चालवलं हे मी नाकारत नाही, पण बंद करायचं ठरल्यावर आम्ही काय करणार होतो, आमचा त्यात ना शेअर ना सही. आमच्या कोल्हापूरात पेठेच्या टीमकडं दर सीझनला पैशाची बोंब असते, वर्गणी काढून बूट आणतात, पण बंद करायचं म्हणलं तर निम्मी पेठ दारात येऊन बसेल.

त्या पोराला सांगितलंय, सीझन सुरू झाला की शनिवारी रात्रीची गाडी पकडू. शाहू स्टेडियमचं तिकीट माझ्याकडं, तांबडा-पांढराही माझ्याकडं, फक्त कुठल्या टीमच्या बाजूला बसायचं ते मी ठरवणार.