पावनखिंडीच्या वाटेवर: रिपीटर की थेट?

पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीला निघताना आम्हा हॅमवाल्यांचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, वाद ठरलेला: हँडसेट रिपीटरवर (आपला आवाज पकडून पुढं धाडणारं उंचावरचं यंत्र) ठेवायचे की सिम्प्लेक्सवर, म्हणजे थेट सेटवरून सेटवर? लायसन्स सगळ्यांकडे आहे असं धरतो. नसेल तर 446 मेगाहर्ट्झचे बिनलायसन्सचे सेट घ्या, तिथं रिपीटरचा विषयच नाही.

पल्ल्यात रिपीटरचा नाद करायचा नाही. तो दिसतोय तोवर खांद्यावरच्या सेटवरून कोल्हापुरात घरी बसलेल्या गड्याशी निवांत बोलता येतं. मसाई पठारावर थेटही छान चालतं. पुढं वाट खाली उतरली, मध्ये डोंगराची सोंड आली, की थेटचा आवाज खरखरायला लागतो. पण रिपीटर त्याच सोंडेमागं गेला, तर हाकेच्या अंतरावरचा माणूसही गप्प होतो, हे लोक विसरतात.

माझं मन मात्र थेटकडं फिरलं ते एका शब्दापायी. करपेवाडीच्या पुढं धुकं, समोर दोन वाटा. पुढच्या गड्यानं रिपीटरवरून सांगितलं, "डावीकडनं या." आम्हाला ऐकू आलं, "...कडनं या." परत विचारलं. तो आणखी जोरात ओरडला, "...कडनं रे!" गेलो उजवीकडनं. भाताच्या खाचरात पोटरीभर चिखलात उभे होतो. लावणी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "खिंड हिकडं न्हाई, मागं फिरा."

कारण साधं आहे. बटण दाबलं की तुमचा सेट 600 किलोहर्ट्झ खाली सरकून बोलायला लागतो, रिपीटर तुमचा टोन (आवाजासोबत जाणारा खुणेचा सूर) ओळखतो, मग त्याचा ट्रान्समीटर उठतो, त्यानंतर ऐकणाऱ्याचा सेट जागा होतो. प्रत्येक जण थोडा थोडा वेळ खातो आणि पहिला शब्द जातो. बॅटरी वाचवायला सेट मधूनमधून झोपवणारा बॅटरी सेव्हर चालू असेल तर थेटवरही थोडं कापलं जातं, म्हणून तो आधी बंद करा. बटण दाबून सेकंदभर थांबलं तर रिपीटरवरही भागतं, हे मान्य. पण धापा टाकत चढणारा माणूस थांबत नाही हो!

शहरात तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. 2019 च्या महापुरात, पंचगंगेची धोका पातळी 43 फूट असताना पाणी 55 च्या वर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीत लाइट नव्हती. रिपीटरलाही बॅटरी लागतेच; थेटला तुमच्या हातातली पुरते. पण गावाबाहेर निरोप धाडायचा तर रिपीटरच बरा.

सध्या माझ्या सेटवर पहिल्या चॅनलला सिम्प्लेक्स, दुसऱ्याला रिपीटर. सोंड ओलांडली की दुसरा लावून बघायचा, एवढंच सगळ्यांना सांगून ठेवतो. पुढचा गडी आता थेटवरसुद्धा "डावीकडनं, डावीकडनं" असं दोनदा म्हणतो.