सात फुटी स्पिनिंग रॉड, 4000 चं रील आणि जिताडा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापर ऑक्टोबर ते मे, बहुतेक शनिवार-रविवार, सगळा काठावरून. जागा रायगडातल्याच: साळाव पुलाच्या आसपासची कुंडलिका, धरमतर खाडीचे फाटे आणि खारेपाटातल्या बांधांवरच्या उघाड्या (पाणी बाहेर सोडणारी झाकणांची दारं). मासा मुख्यतः जिताडा, म्हणजे गोव्यातला चणक. मधूनमधून तांबोशीही लागते. जिवंत चिंगळं किंवा बोयटाचं पिल्लू न लावता फक्त लुअर, म्हणजे कृत्रिम आमिष वापरायचं, असं ठरवून हा संच घेतला होता.

संच असा. दोन तुकड्यांचा सात फुटी मीडियम-हेवी स्पिनिंग रॉड, लुअरचं वजन 10 ते 30 ग्रॅम असं लिहिलेला. 4000 आकाराचं रील. 20 पौंडी आठ पदरी ब्रेडेड दोरा 150 मीटर. 40 पौंडी लीडर, म्हणजे दोरा आणि लुअर यांच्यामधला जाड तुकडा. रॉड-रील मिळून सात हजारांच्या आत बसले. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतले चार-पाच संच हातात घेतले तर उन्नीस-बीसचाच फरक आहे. खरा फरक पडतो तो दहा-वीस रुपयांच्या वस्तूंनी. आठ महिन्यांत जेवढे चांगले मासे सुटले, त्यातला एकही रॉड किंवा रीलमुळे सुटला नाही. कडी उघडली, गरी सरळ झाली किंवा लीडर कापला गेला.

कडीपासूनच सुरुवात करू. लुअरला गरी जोडणारी स्प्लिट रिंग, चावीच्या जुडग्याला असते तशी, पण करंगळीच्या नखाहून लहान. स्वस्त मिनोवर (लहान माशाच्या आकाराचा कडक लुअर) येणारी रिंग हातातल्या वजनकाट्याला अडकवून ओढली तर सहा-सात किलोला तिची फट दिसू लागते. जिताडा तीन किलोचा असला तरी तोंड उघडं ठेवून डोकं झटकतो आणि तो झटका त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त बसतो. नवीन लुअर पाकिटातून काढला की रिंगा आणि ट्रेबल (तीन टोकांच्या गऱ्या) दोन्ही बदलायचे, विचार करत बसायचं नाही.

पण इथेच दुसरी चूक होते. जाड तारेच्या गऱ्या लावल्या की लुअरचं वजन वाढतं. पाण्यात अधांतरी थांबणारा 10 सेंटीमीटरचा सस्पेंडिंग मिनो मग हळूहळू तळाला जातो आणि नाकावर उभा राहतो. थांबण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांतच जिताडा घेतो, त्यामुळे लुअर निकामीच झाला म्हणायचं. उपाय म्हणजे ट्रेबलऐवजी पुढे-मागे एकेक इनलाइन सिंगल गरी. वजन साधारण जुळतं, तिवराच्या मुळांत अडकणं कमी होतं आणि मासा सोडताना पक्कड शोधावी लागत नाही. पुढच्या गरीचं टोक शेपटीकडे आणि मागच्या गरीचं वर ठेवलं तर दोन्ही एकमेकींत गुंतत नाहीत. बदल केल्यावर चाचणी खाडीच्याच पाण्याच्या बादलीत घ्या. नळाचं पाणी हलकं असतं, घरच्या बादलीत बुडणारा लुअर खाऱ्या पाण्यात नीट तरंगू शकतो.

लीडरबद्दल. जिताड्याला सुरमईसारखे कापणारे दात नसतात, तोंडात बारीक कानशीसारखा खरखरीत भाग असतो. लीडर एकदम तुटत नाही, घासत घासत जातो. कापतं ते गालफड. कल्ल्यावरच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, दोरा तिच्यावर आडवा आला की संपलं. त्यात जेट्टीच्या खांबांवरची कालवं. 30 पौंडी लीडर कमी पडला, 40 पौंडी एक मीटर लांबीचा पुरला. पुलाखाली खांबांच्या अगदी लगत टाकायचं असेल तर 50 लावा. पाण्यात कमी दिसणाऱ्या फ्लोरोकार्बन दोऱ्याचा हट्ट मात्र नको. आपल्या खाडीच्या गढूळ पाण्यात माशाला लीडर दिसण्याचा प्रश्नच येत नाही, जाड मोनो (साधा नायलॉनचा दोरा) निम्म्या पैशांत तेच काम करतो. प्रत्येक माशानंतर लीडरचा शेवटचा वीतभर भाग नखावरून फिरवा. खरखर लागली की तेवढा कापून लुअर पुन्हा बांधा.

ब्रेडेड दोरा आणि लीडर जोडायला एफजी गाठ. शिकायला एक संध्याकाळ जाते, पण ती रॉडच्या कड्यांतून अडखळल्याशिवाय सुटते. ब्रेडेड ताणून धरायचा, लीडर त्याच्यावर एकदा वरून, एकदा खालून असा वीस वेळा फिरवायचा, दोन अर्ध्या गाठी मारायच्या, थुंकी लावून दोन्ही दोरे हातमोज्याने जोरात ओढायचे. पीळ बसला की ब्रेडेडचा रंग गडद होतो आणि वळसे लीडरमध्ये रुतलेले दिसतात. रंग बदलला नाही तर गाठ घसरणार हे नक्की. मग लीडरचं टोक कापून आणखी सहा अर्ध्या गाठी. वाऱ्यात काठावर ती बांधणं जिकिरीचं आहे. तिथे डबल युनी बांधा, पण कास्ट करताना ती गाठ रॉडच्या टोकाबाहेर ठेवा.

आता रॉड. 12 ते 22 ग्रॅमपर्यंत उत्तम फेकतो, 30 ग्रॅमला टोक मागेच राहतं. लेबलवरचा वरचा आकडा म्हणजे रॉड मोडणार नाही एवढीच हमी समजा. दोन तुकड्यांचा जोड दर तीस-चाळीस कास्टनंतर सैल होतो आणि टोकाचा भाग थोडा फिरतो. तसाच वापरत राहिलात तर जोडाच्या तोंडाला उभी चीर जाते. मेणबत्तीचं मेण आतल्या भागावर हलकंसं घासलं की दोन-तीन फेऱ्या निश्चिंती. सहाव्या महिन्यात टोकाच्या कडीतली सिरॅमिक चकती तडकली. डोळ्यांना दिसत नव्हती, दोरा मात्र दर वेळी पहिल्या पाच मीटरांत फुटत होता. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा, तंतू अडकला तिथे तडा. टोकाची कडी लायटरची आच धातूच्या नळीला देऊन निघते. नवीन कडी त्याच व्यासाची घेऊन हॉट ग्लूने बसवता येते. आच कार्बनला लागू देऊ नका.

रीलचा गिअर रेशो 5.2:1, हँडलच्या एका फेऱ्यात पाऊण मीटरच्या वर दोरा येतो. जिताड्याला यापेक्षा वेगवान रील लागत नाही, उलट वेगवान रीलने लुअर नकळत भरधाव ओढला जातो. सुरुवातीला दोन त्रास झाले, दोन्ही भरण्याच्या चुकीने. ब्रेडेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळला तर सगळा गुंडा स्पूलवरच घसरतो, ड्रॅग (किती ताणाला दोरा सुटावा ते ठरवणारा रीलचा ब्रेक) आवळला तरी दोरा जातच राहतो. आधी मोनोचे दहा वळसे द्या. आणि काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन मिलिमीटर जागा ठेवा. हवेत होणारा गुंता, ज्याला सगळे वाऱ्याची गाठ म्हणतात, तो वाऱ्यापेक्षा सैल गुंडाळलेल्या दोऱ्याने होतो. लुअर पाण्यात पडला की बेल (दोरा अडवणारी रीलवरची तार) हँडल फिरवून बंद करू नका. हाताने बंद करा, दोरा एकदा ओढून घ्या, मग फिरवा. एवढ्या सवयीने गुंते जवळपास थांबले.

ड्रॅग अंदाजाने लावला जातो हे बघून वाईट वाटतं. 20 पौंड म्हणजे नऊ किलो, त्याचा पाव हिस्सा, दोन ते सव्वादोन किलो. रॉड वाकवून दोऱ्याचं टोक वजनकाट्याला लावा, त्या आकड्यावर दोरा सुटू लागला पाहिजे. घरी परतल्यावर ड्रॅग पूर्ण आवळून रीलवर मगाने हळू पाणी सोडा. नळाची जोरदार धार मीठ आत ढकलते. पुसून ड्रॅग पूर्ण सैल करा आणि सावलीत वाळवा. आवळलेलाच ठेवला तर आतल्या फेल्टच्या चकत्या चपट्या होतात आणि पुढच्या वेळी दोरा गचके देत सुटतो. लीडर नेमका अशा गचक्यालाच जातो.

ब्रेडेड दोऱ्याचा रंग दोन महिन्यांत उडाला, त्याने काही बिघडत नाही. पुढचे तीन मीटर दर तिसऱ्या फेरीला कापले. पाचव्या महिन्यात पूर्ण दोरा उलटा गुंडाळला, आतला कोरा भाग वर आला, नवीन दोरा घ्यावा लागला नाही.

लुअरमध्ये सर्वांत जास्त मासे चार इंची पॅडल टेलने (चपट्या शेपटीचा मऊ लुअर) दिले, 10 ग्रॅमच्या जिगहेडवर (वजनदार डोक्याची गरी), 4/0 आकाराची गरी. पाण्याची ओढ जास्त असली तर 14 ग्रॅम. तळाला टेकवायचा, हँडलचे दोन फेरे, पुन्हा टेकवायचा. खालची माती लुअरने उडवली पाहिजे. रंगावर लोक फार भांडतात. माझी कसोटी सोपी आहे: पांढरा लुअर पाण्यात सोडायचा, फूटभर खोलीच्या आतच दिसेनासा झाला तर काळा किंवा भडक पोपटी घ्यायचा आणि शेपटी जाड निवडायची, कारण तिथे मासा डोळ्यांनी नाही, अंगाला जाणवणाऱ्या थरथरीने शोधतो. पाणी त्याहून साफ असेल तरच मिनो काढायचा. शेपूट अर्धी फाटली तर लायटरने कडा वितळवून पाच सेकंद दाबून धरा, आणखी एक फेरी निघते. मऊ लुअर कडक लुअरच्या डबीत टाकू नका, रंग आणि प्लास्टिक एकमेकांत विरघळून चिकट गोळा होतो.

संच कितीही चांगला असला तरी वेळ चुकली तर पाण्यात फक्त हात धुवायचे. कोळ्यांचा जुना हिशोब इथे ॲपइतकाच चालतो: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन वाजता भरती पूर्ण, अष्टमीला सहा वाजता. खाडीत आत जाल तसा अर्धा-पाऊण तास वाढवा. उधाणाच्या दिवसांत ओढ इतकी असते की सगळा गाळ वर येतो आणि 14 ग्रॅमचं जिगहेड तळाला पोचतच नाही. षष्ठी ते नवमी उत्तम. भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हाचं, त्यातल्या त्यात निवळ असतं आणि ओहोटीची सुरुवात नेमकी तिन्हीसांजेला गाठता येते.

जागा म्हणजे जिथे बाहेर पडणारं पाणी अरुंद होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उघाडी. भरतीच्या दाबाने तिची झाकणं बंद असतात. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आपोआप उघडतात आणि शेतातलं पाणी चिंगळं, निवट्या, बारीक मासळी घेऊन खाडीत पडतं. जिताडा त्या धारेत नसतो. धार आणि संथ पाणी यांच्या सीमेवर, थोडा बाजूला, तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. म्हणून लुअर धारेच्या वरच्या बाजूला टाका आणि दोरा किंचित सैल ठेवून वाहत त्या सीमेवर येऊ द्या. सरळ धारेविरुद्ध ओढलेला लुअर सहसा रिकामा येतो. पुढे उन्हाळ्यात आतलं पाणी संपलं की हेच तिवरांतून निघणाऱ्या ओहळांच्या तोंडाशी करा. जानेवारीच्या थंडीत मासा मंद असतो, तेव्हा फिरवण्याचा वेग निम्म्यावर आणा.

घेताना तो चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. हाताला 'ठक्' असं जाणवतं. पाण्यावर चालणारा लुअर असेल तर 'भप्' असा आवाज आधी येतो. त्या आवाजावर रॉड झटकलात तर लुअर त्याच्या तोंडातून बाहेर. वजन जाणवेपर्यंत थांबा, मग रॉड आडवा, कमरेच्या पातळीवर ओढा. उडी मारताना दिसला की टोक पाण्याकडे झुकवा, दोरा सैल पडू द्या. ताठ दोऱ्यावरच्या उडीत गरी उडते. काठावर आला की बोट गालफडात अजिबात घालू नका. लांब दांड्याची जाळी किंवा लिप ग्रिप घ्या. बांध उंच असेल तर दोऱ्याने उचलणं म्हणजे मासा आणि रॉड दोन्ही पणाला लावणं.

मोठा लागला तर सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. अडीच फुटांच्या वरची बहुतेक मादीच, पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अंडी घालणारी. फोटोसाठी आडवा धरताना पोटाखाली हात द्या, नुसत्या जबड्यावर लटकवू नका.

हा संच कोणी घेऊ नये? ज्याला उघड्या समुद्रात खडकांवरून लांब फेकायचं आहे त्याने, तिथे नऊ-दहा फुटी रॉड लागतो. आणि ज्याला धुणं-पुसणं जमणार नाही त्याने. सध्या माझ्या रीलचा लाइन रोलर किरकिरतोय. या रीलमध्ये पहिला बळी त्याच बेअरिंगचा, कारण ओला खारा दोरा सतत त्याच्यावरून जातो. महिन्यातून एकदा तेलाचा एक थेंब दिला असता तर टिकलं असतं. अशा रीलमध्ये सहसा 7 × 4 × 2.5 मिलिमीटरचं बेअरिंग असतं, तरी जुनं काढून व्हर्नियरने मोजूनच मागवा. उघडताना स्क्रू, वॉशर आणि बुश कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेवा. वॉशर उलटा बसला तर रोलर फिरतच नाही आणि दोरा त्याच्यावर चर पाडतो.