‘अठराव्या शतकातील व त्यानंतरचे’ : एका चंद्रघड्याळाची खरेदी

इंग्लंडमधील जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडून मी चंद्रकला दाखवणारे, माणसाहून उंच असे लंबकाचे घड्याळ घेतले. ते १७६० च्या सुमाराचे असून त्यातील चंद्राची योजना जेम्स फर्ग्युसन (१७१०–१७७६) यांच्या आराखड्यानुसार आहे, असे त्याने छातीठोकपणे सांगितले होते. या स्कॉटिश खगोलशास्त्रज्ञाचे आराखडे छापून प्रसिद्ध झालेले असल्यामुळे त्यांचे नाव कोणत्याही घड्याळाला चिकटवता येते. पावतीवर मात्र ‘अठराव्या शतकातील व त्यानंतरचे’ एवढेच लिहिलेले होते.

घड्याळ वेळ चोख दाखवी; चंद्र मात्र रेंगाळे. आमच्या स्वयंपाकघरात मराठी दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यातील पौर्णिमेला तबकडीवरच्या कमानीतला चंद्र अजून पुरता भरलेला नसे, आणि दर महिन्याला तो आणखी सुमारे अर्ध्या दिवसाने मागे पडे.

अशा घड्याळांत सहसा एका चकतीवर दोन चंद्र रंगवलेले असतात आणि तिच्या कडेला ११८ दाते असतात. दर बारा तासांनी एक दाता पुढे सरकला की ५९ दिवसांत फेरी, म्हणजेच दोन चांद्रमास, पूर्ण होतात. खरा चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असल्याने यात महिन्याला पाऊण तासाहूनही कमी फरक पडतो, आणि तेवढा त्या काळच्या घड्याळजींना चालत असे. माझ्या चकतीला १२० दाते निघाले.

एका जुन्या, जाणत्या कारागिराने घड्याळ उघडले, तेव्हा उरलेसुरले सगळेच उघडे पडले. ओतून, हातोड्याने ठोकून केलेल्या पितळेवर मागच्या बाजूला जे खळगे आणि कानशीचे ओरखडे राहतात, त्यांचा या चकतीवर मागमूस नव्हता. यंत्राच्या पुढच्या पत्र्यावर बुजवलेली भोके होती, ती मूळ तबकडीच्या पायांची, म्हणजे तिला मागून यंत्राशी जोडणाऱ्या खुंट्यांची. यंत्र खरोखरच जुने होते, पेटीही जुनी पण भलत्याच घड्याळाची, आणि ज्या चंद्रासाठी दुप्पट किंमत मोजली तो अलीकडे बसवलेला. तक्रार केल्यावर व्यापाऱ्याने पावतीतल्या ‘त्यानंतरचे’ या शब्दावर बोट ठेवले आणि पैसे परत करण्यास साफ नकार दिला.

म्हणून यंत्र, तबकडी, चंद्राची चकती आणि पेटी यांचा काळ पावतीवर वेगवेगळा लिहून घ्यावा, आणि पैसे देण्यापूर्वी दाते मोजावेत. त्यासाठी पेटीचा वरचा भाग काढावा लागतो. तो बहुधा पुढे ओढला की निघतो, त्यामुळे ‘नाजूक आहे, हात लावू नका’ असे सांगणाऱ्याकडून घड्याळ घेऊच नये.