टोटल आर्सेनिक की स्पेसिएशन, कुठला रिपोर्ट बघायचा?
कोळंबीच्या लॅब रिपोर्टवर आर्सेनिकचा आकडा बघून पोटात गोळा येतो, पण तो टोटलचा असेल तर जरा थांबा. टोटल टेस्टमध्ये सॅम्पल अ‍ॅसिडमध्ये पार विरघळवून सगळं आर्सेनिक एकत्रच मोजतात, स्वस्त आणि झटपट, पण त्यातलं विषारी किती ते कळतच नाही, कारण कोळंबीत बहुतेक आर्सेनोबीटेन हा आर्सेनिकचा निरुपद्रवी प्रकार असतो आणि तो लघवीवाटे तसाच निघून जातो. स्पेसिएशनमध्ये आधी एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्राने आर्सेनिकचे प्रकार वेगळे करतात, मग मोजतात. महागडं काम, पण कॅन्सरवालं इनऑरगॅनिक आर्सेनिक वेगळं दिसतं. हिजिकी नावाच्या समुद्री शेवाळात नेमकं तेच भरपूर निघालं, म्हणून ब्रिटनने २००४ मध्ये ते खाऊ नका म्हणून सांगितलं. मी म्हणेन, टोटल कमी आलं तर विषय संपला, जास्त आलं तरच स्पेसिएशनला पैसे घाला.