अ‍ॅप्टली: वाचनालयाच्या सर्व्हरवर अडीच वर्षं वापरल्यावरचा अनुभव

अ‍ॅप्टली म्हणजे डेबियनसारख्या लिनक्सचे अपडेट आधी आपल्याकडे साठवून, तपासून मग आपल्या मशीन्सना द्यायचं साधन. आधीच सांगते, मी आयटीवाली नाही, ग्रंथपाल आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं ब वर्ग वाचनालय, एक सर्व्हर आणि चार कॉम्प्युटर, सगळ्यांवर डेबियन नावाचं लिनक्स, आणि देवघेव कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरवर. सर्व्हर सांभाळायला वेगळा माणूस ठेवणं अनुदानात बसत नाही म्हणून तेही मीच बघते. तर हा रिव्ह्यू माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांना लिनक्स चालू ठेवायचंय पण प्रत्येक नवं व्हर्जन आलं की उडी मारायची नाहीये.

अ‍ॅप्टलीकडे वळले त्याला कारण डिसेंबर २०२२. दिवाळी अंक योजना जोरात होती, संध्याकाळी पाच ते सात काउंटरला पाय ठेवायला जागा नसते त्या दिवसात. मी सकाळी अ‍ॅप्टला, म्हणजे डेबियनवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रामला, नेहमीसारखं अपडेट आणि मग अपग्रेड दिलं, कारण सिक्युरिटी अपडेट वेळच्या वेळी घ्यावेत हे मला मनापासून पटतं, आजही पटतं. यादी लांब होती, त्यात कोहा-कॉमन हे कोहाचं पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) पण होतं, मी हो म्हटलं. दहा मिनिटांनी कोहा उघडलं तर स्क्रीनच वेगळी. २२.०५ चं २२.११ झालं होतं, आणि त्या व्हर्जनमध्ये कर्मचाऱ्यांच्या स्क्रीनची सगळी मांडणी नव्याने केलेली आहे. मांडणी वाईट आहे असं अजिबात नाही, आज आम्हाला तीच आवडते, पण आमच्या काउंटरवरच्या ताईंना बारा वाजता कळलं की पुस्तक देण्याचं बटण जागेवर नाही, आणि दिवाळी अंक सभासदांसाठी आम्ही स्क्रिप्टने एक वेगळं बटण बसवून घेतलं होतं ते तर गायबच. दोन दिवस सगळी देवघेव वहीत हाताने लिहिली, मग रात्री बसून कॉम्प्युटरवर चढवली.

मागे जाता येईल का तेही बघितलं. पॅकेज जुनं बसवता येतं हो, पण कोहा अपग्रेड होताना डेटाबेसची रचना पण पुढे नेतं, ती परत मागे आणायची सोय नाही. आदल्या रात्रीचा डम्प, म्हणजे डेटाबेसची नक्कल, रिस्टोर करणं एवढाच रस्ता, आणि तोवरची सकाळची देवघेव गेली. म्हणून पुढेच राहिलो.

मग सोर्सेसची फाइल, म्हणजे अपडेट कुठून घ्यायचे त्याची यादी, उघडली तेव्हा कळलं. ज्या एजन्सीने आम्हाला हे सगळं बसवून दिलं होतं त्यांनी कोहाच्या ओळीत पण स्टेबल लिहिलेलं आणि डेबियनच्या ओळीत पण स्टेबलच. मला वाटायचं स्टेबल म्हणजे स्थिर, हलणार नाही असं काहीतरी. तसं नाहीये. स्टेबल ही नुसती दारावरची पाटी आहे, आत कोण बसलंय ते बदलत राहतं. डेबियनमध्ये साधारण दोन वर्षांनी नव्या नावाचं व्हर्जन येतं, ऑगस्ट २०२१ ला बुल्सआय, जून २०२३ ला बुकवर्म, ऑगस्ट २०२५ ला ट्रिक्सी. कोहामध्ये तर दर सहा महिन्यांनी, कारण त्यांचं नवं व्हर्जन मे आणि नोव्हेंबरमध्ये येतं, व्हर्जनच्या आकड्यातच वर्ष आणि महिना असतो. म्हणजे फाइलमध्ये स्टेबल लिहिलं की तुम्ही "मला नेहमी नवीन तेच द्या" असं सांगून ठेवलेलं असतं. त्याऐवजी डेबियनच्या ओळीत बुकवर्म असं नाव आणि कोहाच्या ओळीत २२.११ असा आकडा लिहिला तर त्याच घराचे फिक्स येत राहतात, घर बदलत नाही. कोहाच्या रेपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजं ठेवलेल्या साठ्यात, आकड्यांची वेगळी दारं ठेवलेलीच आहेत. हा बदल करायला पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही, बाकी काही नाही केलं तरी एवढं आजच करा.

(कोहाबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: न्यूझीलंडमधल्या एका छोट्या वाचनालय संस्थेसाठी १९९९ मध्ये लिहायला घेतलं, जानेवारी २००० पासून वापरात, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. फुकट आहे आणि मराठी पुस्तकांची नोंद देवनागरीत नीट होते. माझं प्रेम आहे त्याच्यावर.)

त्याच आठवड्यात होल्ड पण करून बघितला. अ‍ॅप्ट-मार्क होल्ड आणि पुढे पॅकेजचं नाव, झालं, मग अपग्रेडमध्ये ते पॅकेज जागचं हलत नाही. सोपं आहे, आणि घाईच्या वेळी मी अजून वापरते. पण होल्ड म्हणजे सरसकट कुलूप, २२.११ मधल्याच एखाद्या बगचा फिक्स आला तरी तोही दाराबाहेर राहतो, आणि चार महिन्यांनी आपण कुलूप लावलंय हेच विसरायला होतं. होल्ड लावला असेल तर महिन्यातून एकदा शोहोल्ड देऊन यादी बघायची सवय लावा.

पिनिंग, म्हणजे कुठल्या व्हर्जनला किती पसंती ते सांगून ठेवणं, त्यापेक्षा शहाणं आहे पण त्याला डोकं लावावं लागतं. प्रेफरन्सेसच्या फोल्डरमध्ये छोटी फाइल करायची, कुठलं पॅकेज, कुठलं व्हर्जन, किती प्रायॉरिटी. साध्या रेपॉझिटरीला ५०० असते, बॅकपोर्ट्सला (चालू डेबियनसाठी बांधलेली नवी व्हर्जन) १००, म्हणून बॅकपोर्ट्स आपण मागितल्याशिवाय स्वतःहून येत नाहीत, आणि शून्याच्या खाली आकडा दिला की ते व्हर्जन कधीच बसत नाही. १००० किंवा वर दिलं तर अ‍ॅप्ट जुनं व्हर्जन सुद्धा परत आणून बसवतो, म्हणून तो आकडा जपून. अ‍ॅप्ट पॉलिसी आणि पॅकेजचं नाव दिलं की कोणाला किती मार्क आणि शेवटी निवड कोणाची हे दिसतं, पिन लावल्यावर ही कमांड चालवल्याशिवाय उठू नये असं माझं मत झालंय, कारण नावात एक अक्षर चुकलं तरी अ‍ॅप्ट काही बोलत नाही, पिन गपचूप लागत नाही एवढंच.

एवढं सगळं असताना अ‍ॅप्टली कशाला? कारण नाव लिहिलं, पिन लावली, तरी पाच मशीन पाच वेगवेगळ्या दिवशी अपडेट होतात, आणि ज्या पॅकेजांवर मी चाचणी घेतली नेमकी तीच सर्व्हरवर जातील याची खात्री नसते. मला हवं होतं की आधी एका मशीनवर लावून बघायचं, आठवडाभर चालवायचं, आणि मग तेच, अगदी तेच, बाकीच्यांना द्यायचं. अ‍ॅप्टली बरोबर हे करतं.

काम तीन पायऱ्यांचं. पहिलं मिरर, म्हणजे बाहेरच्या रेपॉझिटरीची आपल्या डिस्कवर नक्कल. दुसरं स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवशी मिररमध्ये काय काय होतं त्याची यादी गोठवून ठेवायची, ती नंतर बदलत नाही. ग्रंथालयवाल्यांना सांगायचं तर शिक्का मारलेली दाखल नोंदवही. तिसरं पब्लिश, म्हणजे त्यातला एक स्नॅपशॉट वाचनालयातल्या मशीन्सना रेपॉझिटरी म्हणून उघडा करायचा. पुढच्या महिन्यात नवा स्नॅपशॉट तयार झाला की पब्लिश स्विच ही एकच कमांड, बाकी मशीन्सवर काही बदलावं लागत नाही. आणि एकच पॅकेज दहा स्नॅपशॉटमध्ये असलं तरी डिस्कवर एकदाच राहतं, एका पुस्तकाची दहा कार्डं केली तरी कपाटात प्रत एकच तसं. म्हणून मी महिन्याचे स्नॅपशॉट बिनधास्त साठवते, नावात तारीख घालते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट स्नॅपशॉट डिफ. मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा स्नॅपशॉट समोरासमोर ठेवला की कुठलं पॅकेज कुठून कुठे गेलं ते ओळीने दिसतं. डिसेंबर २०२२ ला ही यादी मी शांतपणे घरी चहा पिताना वाचली असती तर कोहाच्या ओळीवर नजर गेलीच असती. अपग्रेड देताना जी यादी येते ती आपण वाचत नाही कारण तेव्हा काउंटरवर कोणीतरी उभं असतं, इथे वाचायचं काम आणि बसवायचं काम वेगवेगळ्या दिवशी होतं.

आमची पद्धत अशी बसली आहे: सिक्युरिटीचा मिरर वेगळा, तो दर आठवड्याला, एक दिवस बालविभागातल्या मशीनवर आणि मग सगळीकडे. मुख्य डेबियन महिन्यातून एकदा. कोहा जेव्हा आम्ही ठरवू तेव्हा, म्हणजे वर्षातून एकदा. सिक्युरिटीला मुख्य मिररबरोबर महिनाभर अडकवून ठेवू नका, नको असलेलं अपग्रेड थांबवणं आणि गरजेचा फिक्स थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घाबरलेला माणूस दोन्ही एकदम बंद करतो, मी पण पहिले दोन महिने तेच केलं होतं.

आता त्रास. पहिला दिवस किल्ल्यांमध्ये गेला, म्हणजे पॅकेजं खरी आहेत हे ज्या डिजिटल सह्यांनी तपासतात त्यांच्या किल्ल्या. अ‍ॅप्टलीला बाहेरच्या रेपॉझिटरीची किल्ली ट्रस्टेडकीज नावाच्या वेगळ्या कीरिंगमध्ये लागते, सिस्टिममध्ये ती असली तरी चालत नाही, आणि पब्लिश करायला आपली स्वतःची जीपीजी किल्ली लागते जी मग प्रत्येक मशीनवर नेऊन सोर्सेसच्या ओळीतल्या साइन्ड-बायमध्ये दाखवायची. एरर मेसेज वाचून हे नवख्याला समजेल असं मला वाटत नाही. दुसरं, डेबियनचा मेन विभाग अख्खा मिरर करायला जाऊ नका, आमच्यासारख्या लाइनवर ते कितीतरी दिवस चालेल. फिल्टर लावता येतो, आणि त्याच्याबरोबर डिपेंडन्सी पण घे असा पर्याय द्यायचाच, नाहीतर पॅकेज येतं आणि त्याला लागणारी लायब्ररी येत नाही. पण फिल्टरचा तोटा असा की नवीन स्कॅनर आणला, त्याचं पॅकेज बसवायला गेले, तर मशीन म्हणतं असं काही नाहीच, मग फिल्टर बदला, मिरर अपडेट करा, स्नॅपशॉट, स्विच. अर्धा दिवस.

साफसफाई आपोआप होत नाही. जुने स्नॅपशॉट काढल्यावर डीबी क्लीनअप द्यावं लागतं तेव्हा कुठे डिस्कवरची जागा मोकळी होते. मिरर पण स्वतःहून अपडेट होत नाही, त्याला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आपणच लिहायचा.

आणि एक गैरसमज जो मला होता. स्विच करून जुना स्नॅपशॉट परत पब्लिश केला म्हणजे मशीन्स मागे जातील असं मला वाटलं होतं. जात नाहीत. अ‍ॅप्ट साध्या परिस्थितीत बसलेलं नवं व्हर्जन काढून जुनं घालत नाही, त्यासाठी वर सांगितलेली हजार किंवा वरची पिन लागते, आणि डेटाबेस असेल तर तेही पुरेसं नाही. अ‍ॅप्टलीचा उपयोग पुढे जाण्याआधी थांबून बघायला, गेल्यावर परत यायला नाही. त्यामुळे आधीचा डम्प घेतल्याशिवाय मी स्विच देत नाही.

एकच मशीन असेल तर अ‍ॅप्टलीचा खटाटोप करू नका. सोर्सेसमध्ये नाव लिहा, झालं. अगदी एखाद्या तारखेलाच गोठवायचं असेल तर डेबियनचं स्वतःचं स्नॅपशॉट संग्रहालय आहे, पत्त्यात तारीख आणि वेळ घातली की त्या क्षणीची रेपॉझिटरी मिळते, फक्त जुन्या फाइलींची मुदत संपलेली असते म्हणून चेक-व्हॅलिड-अंटिल नो असं त्या ओळीत घालावं लागतं. उबंटूवाल्यांना रिलीज अपग्रेडची सेटिंग फाइल आहे, त्यात प्रॉम्प्टपुढे नेव्हर लिहिलं की पुढच्या व्हर्जनची विचारणाच बंद.

अजून एक सांगायचं राहिलं. जून २०२३ मध्ये बुकवर्म आलं तेव्हा मासिक विभागातलं एक मशीन माझ्याकडून बदलायचं राहून गेलं होतं, त्यात अजून स्टेबलच लिहिलेलं. अ‍ॅप्ट अपडेट दिल्यावर ते थांबलं आणि म्हणालं की या रेपॉझिटरीचं कोडनेम बुल्सआयचं बुकवर्म झालंय, मान्य आहे का, हो की नाही. मी नाही दिलं आणि फाइल दुरुस्त केली. असा मेसेज दोन प्रकारचा येतो आणि फरक ओळखायला शिका. सूट बदललं, स्टेबलचं ओल्डस्टेबल झालं असं म्हणत असेल तर काळजी नाही, फक्त पाटी बदलली, आत बसलेले तेच आहेत, नव्या अ‍ॅप्टमध्ये त्याची नुसती सूचना येते. कोडनेम बदललं म्हणत असेल तर हात थांबवा, कारण पुढचं अपग्रेड म्हणजे सगळी सिस्टिमच बदलणं आहे. सवयीने हो दाबलं जातं तिथे, मला माहीत आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक किल्ल्यांसाठी कापला. डेबियनच्याच रेपॉझिटरीत मिळतं, आमच्याकडे ते जुन्या डेस्कटॉपवर एक टीबीच्या डिस्कवर चालतं आणि अपाची या वेब सर्व्हरमधून बाकी मशीन्सना दिलंय.

सध्या सर्व्हर बुकवर्मवरच आहे. त्याला डेबियनच्या सिक्युरिटी टीमचे फिक्स जून २०२६ पर्यंत आणि नंतर एलटीएसवाल्यांचे (लांब मुदतीचा आधार देणारे) जून २०२८ पर्यंत, त्यामुळे घाई नाही. ट्रिक्सीचा मिरर वेगळा करून ठेवलाय, बालविभागातल्या मशीनवर चाचणी चालू आहे, मारियाडीबी (कोहाचा डेटाबेस) १०.११ वरून ११.८ वर जातं म्हणून डम्प आणि रिस्टोर दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा दिवाळी अंकांचं बटण जागेवर होतं. मे महिन्यात पुस्तक पडताळणीसाठी वाचनालय आठ दिवस बंद असतं, सर्व्हर तेव्हा हलवणार.