मायवान की नेहमीचं शटरिंग? पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याआधीचा हिशोब

पुनर्विकासाच्या सादरीकरणात ‘आम्ही मायवानमध्ये काम करतो’ हे वाक्य हल्ली हमखास येतं. मायवान हे मुळात कंपनीचं नाव, पण मुंबईच्या साइटवर आता ॲल्युमिनियमच्या पॅनेलांनी भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतण्याच्या पद्धतीलाच मायवान म्हणतात. दुसऱ्या बाजूला आहे नेहमीचं काम: प्लाय किंवा लोखंडी प्लेटांचं सेंट्रिंग, आधी कॉलम-बीम-स्लॅबचा सांगाडा, मग ब्लॉकच्या भिंती आणि प्लास्टर. दोन्ही पद्धतींनी चांगली इमारत उभी राहते. कोणती घ्यायची, हे तुमच्या इमारतीचे किती मजले हुबेहूब एकसारखे आहेत आणि नकाशा किती लवकर पक्का होतोय, यावर ठरतं. वेगाचा मुद्दा त्यानंतरचा.

मजले मोजा, पण एकसारखेच

समजा, मजला ३०० चौरस मीटरचा आहे. भिंती, बीम, स्लॅब मिळून काँक्रीटला टेकणारा पृष्ठभाग साधारण त्याच्या साडेतीनपट, म्हणजे १,०५० चौरस मीटर धरा. चौरस मीटरला २५ किलोच्या हिशोबाने पॅनेलांचा हा सेट २६ टनांच्या आसपास जातो. भाव बाजाराप्रमाणे बदलतो. केवळ हिशोबासाठी चौरस मीटरला १०,००० रुपये धरले, तर सेट १ कोटी ५ लाखांचा. तो ८ मजल्यांनाच वापरला तर प्रत्येक वापराला चौरस मीटरमागे १,२५० रुपये पडतात, २० मजल्यांना ५००, आणि ४० मजल्यांना २५०. नीट हाताळलेली पॅनेल २०० हून अधिक ओतकामं काढतात आणि शेवटी भंगारालाही किंमत येते. प्लायचा फळा ८-१० वापरांत फुगतो, कडा सोडतो. पण ते सामान ठेकेदाराचं असतं, या साइटवरून त्या साइटवर फिरतं, एका इमारतीवर त्याचा पूर्ण बोजा पडत नाही.

इथे फसगत होते ती मजले मोजताना. २२ मजली इमारतीतून तळमजला आणि पोडियम (खालचे पार्किंगचे मजले) वजा करा, रेफ्यूज एरियाचा, म्हणजे आगीच्या वेळी थांबण्याच्या जागेचा मजला वेगळा धरा. हातात १८-१९ उरतात. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला या पट्ट्यात विमानतळामुळे उंचीवरच मर्यादा असते, तिथे कधीकधी ८-१० मजल्यांवर काम थांबतं. आमचं मत स्पष्ट आहे: १० पेक्षा कमी एकसारखे मजले असतील तर नवा सेट घेऊ नये. १५ च्या पुढे असतील तर मायवानच. मधल्या इमारतींनी भाड्याचा किंवा दुरुस्त केलेला जुना सेट पाहावा, किंवा दोन विंग असतील तर एकच सेट दोन्हीकडे फिरवावा. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत, जिथे २७.८८ चौरस मीटरचं तेच घर मजल्यावर मजले येतं, तिथे प्रश्नच उरत नाही.

टनेल फॉर्म या तिसऱ्या पद्धतीचा विचार मोठ्या, मोकळ्या लेआउटलाच करा. त्याचे खोलीएवढे लोखंडी साचे क्रेनने इमारतीच्या बाहेर ओढून काढावे लागतात. गिरगावच्या गल्लीत तेवढी जागा कुठून आणणार? ॲल्युमिनियमची पॅनेल मात्र माणसं हातोहात वर देतात, स्लॅबमध्ये सोडलेल्या चौकोनी भोकातून.

आठवड्याला एक स्लॅब: खरं किती?

कामगारांची गँग बसली की ७-८ दिवसांत मजला ओतून होतो. पहिला दिवस आखणीचा आणि भिंतींच्या सळईचा. मग कन्ड्युट (वायरींच्या नळ्या), भिंतींची पॅनेल पिन-वेजने जोडणं, ओळंबा, डेक पॅनेल, स्लॅबची सळई, तपासणी, ओतकाम. नेहमीच्या पद्धतीत हेच १४ दिवस किंवा जास्त घेतं आणि भिंती नंतर. पण मायवानचे पहिले दोन-तीन मजले १५-२० दिवस खातात. त्याआधी शेल ड्रॉइंग (ज्यावरून पॅनेल बनतात तो अंतिम नकाशा) मंजूर होऊन पॅनेल येईपर्यंत तीन-चार महिने जातात, ते जोते आणि पोडियमच्या काळात बसवले तरच फायदा. २० मजल्यांना प्रत्येकी ६ दिवस वाचले तर ४ महिने. ४० कुटुंबांचं बाहेर राहण्याचं भाडं प्रत्येकी महिना ५०,००० धरलं, तर ते ८० लाख होतात. ही रक्कम खरी आहे, मात्र लिफ्ट, फिनिशिंग आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) त्याच वेगाने आले तरच हाती लागते.

हा वेग ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती म्हणजे प्रॉप, स्लॅबला खालून दिलेला टेकू. डेक पॅनेल दोन दिवसांत निघतात, पण त्यांच्या मधल्या प्रॉप हेडखालचा प्रॉप जागचा हलत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे प्रॉप ७ दिवस, त्याहून मोठ्या स्पॅनला १४ दिवस ठेवायचे असतात. म्हणून पॅनेल एका मजल्याची असली तरी प्रॉप तीन-चार मजल्यांचे लागतात. ठेकेदाराने दोनच मजल्यांचे आणले, की पोरं खालचा प्रॉप ठोकून काढतात, वर नेतात आणि ‘परत लावू’ म्हणतात. तोवर कोवळा स्लॅब थोडा झुकलेला असतो. सहा महिन्यांनी हॉलच्या मधोमध छताला बारीक तडा दिसतो तो इथला.

भिंत पातळ, पण किती?

‘मायवानमुळे कार्पेट वाढतो’ हेही मोजून घ्या. एफएसआयमध्ये (परवानगी असलेल्या बांधकाम क्षेत्रात) भिंत धरली जाते, रेराच्या कार्पेटमध्ये बाहेरची भिंत नसते, आतली असते. म्हणजे फायदा बाहेरच्या भिंतीतच. १५० मिमी ब्लॉक आणि दोन्ही बाजूंचं प्लास्टर मिळून १८५ मिमी. काँक्रीटची भिंत १६०. मजल्याचा घेर ८० मीटर असेल तर फरक अवघा २ चौरस मीटर, तोही सगळ्या घरांत वाटलेला. तुलना २०० मिमी ब्लॉकशी केली तर तोच आकडा ६ वर जातो. बिल्डरला विचारा, तुलना कोणत्या भिंतीशी केली.

उन्हाचा प्रश्न जास्त मोठा आहे. काँक्रीटमधून उष्णता एएसी (हलक्या, सच्छिद्र) ब्लॉकच्या आठ-दहा पट सहज जाते. पश्चिमेच्या बेडरूमची भिंत संध्याकाळी सातलाही हाताला गरम लागते, आणि एसीचं बिल सभासद भरतो. तिथे छज्जा, परावर्तक रंग किंवा आतून इन्सुलेशन आधीच नकाशात हवं.

आणि मायवानच्या भिंती फोडायच्या नाहीत. स्वयंपाकघर हॉलला जोडणं, खिडकी रुंद करणं, एसीची नळी नंतर काढणं: सगळं बंद. भिंतीत साधा खिळाही जात नाही, हॅमर ड्रिल लागतं. नेहमीच्या सांगाड्यात ब्लॉकची भिंत हलवता येते. आम्हाला बहुतेक सोसायट्यांसाठी मधला मार्ग योग्य वाटतो: कॉलम, शिअर वॉल (वारा-भूकंपाचा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती), बीम, स्लॅब ॲल्युमिनियममध्ये आणि घरातल्या पडदी भिंती ब्लॉकच्या. तीन-चार दिवसांचा वेग जातो, पण इमारत हलकी होते. १०० मिमी काँक्रीटची भिंत चौरस मीटरला २५० किलो भरते, १५० मिमी एएसी प्लास्टरशिवाय १०० च्या आतबाहेर.

पाणी कुठून येतं

ब्लॉकच्या कामात गळती बीम आणि ब्लॉकच्या सांध्यातून येते. तिथे जाळी न मारता प्लास्टर केलं की पहिल्याच पावसात रेघ उमटते. मायवानमध्ये तो सांधा नाही. त्याऐवजी दोन नवीन जागा आहेत: मजल्यामजल्यातला, किकर पॅनेलच्या पातळीवरचा आडवा जोड आणि टायची भोकं. भिंतीची दोन्ही बाजूंची पॅनेल एकमेकांना धरून ठेवणाऱ्या टाय पीव्हीसीच्या आवरणातून आरपार जातात. एका मजल्यावर अशी शेकडो भोकं राहतात. बरोबर काम असं: आवरण काढायचं, भोक साफ करून ओलं करायचं, न आकसणारा ग्राउट पूर्ण खोलीला भरायचा. घाईचं काम असं: बाहेरून बोटभर पुट्टी, वर टेक्स्चर. मग जुलैत आतल्या रंगावर सारख्या अंतरावर, एका ओळीत ओले ठिपके उमटतात. अशी ओळ दिसली की कारण शोधत बसू नका, भोकं भरलेली नाहीत.

खिडकीच्या खालचा भागही तपासा. १०० मिमी भिंतीत जाळी आणि कन्ड्युट असताना व्हायब्रेटरची जाड सुई शिरत नाही, म्हणून १० मिमी खडी आणि ६०० मिमीच्या पुढे पसरणारं काँक्रीट लागतं. सिलखाली हवा अडकते. तिथल्या पॅनेलला वरून तोंड मोकळं ठेवलं नाही तर पोकळी राहते. नव्या पॅनेलवर पहिल्या दोन-तीन मजल्यांना बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, कारण ॲल्युमिनियमची ताज्या काँक्रीटमधल्या अल्कलीशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. ते वरवरचे असतात, पुट्टीत जातात. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी भेग मात्र वेगळी: तिरकी सळई नाही किंवा भिंतीचं क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) झालं नाही. उभ्या भिंतीवर पाणी टिकत नाही, तिला क्युरिंग कंपाउंड किंवा ओलं गोणपाट लागतं. मिश्र सिमेंट (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) असेल तर किमान १० दिवस.

करारात दोन गोष्टी लिहून घ्या. शेल ड्रॉइंगवर कारखान्यात पाठवण्याआधी कमिटी आणि पीएमसीची (सोसायटीच्या प्रकल्प सल्लागाराची) सही, कारण त्यानंतर प्लगची जागा बदलणंही महाग पडतं. आणि चाव्या देताना प्रत्येक घराला त्याच्या भिंतींतल्या कन्ड्युट आणि पाइपांचा प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा, स्लॅब ओतण्याआधीच्या फोटोंसकट.